गाढ निद्रा आणि जागणारा देव

शास्त्रपाठ : उत्पत्ति २:२१, स्तोत्र १२१.



छातीत कळ येते म्हणून डॉक्टरांनी ज्यास बायपासची शस्त्रक्रिया सांगितली आहे, असा मनुष्य आपल्या परभणी जिल्ह्याच्या मंडळ्यांतही असतो. त्यास सुरीपेक्षा भुलेचे भय अधिक. "निजविले आणि उठलोच नाही तर?" असे म्हणून तो घरीच बसतो, आणि कोणी त्यास सांगतो की, औषधोपचार म्हणजे अविश्वास. ह्याविषयी शास्त्र काय शिकविते ते पाहू.

पहिली गोष्ट, निद्रा. आदामाची फासळी काढण्यापूर्वी देवाने त्याजवर गाढ निद्रा आणिली. सन १८४७ मध्ये एडिंबरो येथील डॉक्टर सिम्सन ह्यांनी क्लोरोफॉर्म उपयोगात आणिला, तेव्हा वेदना टाळणे धर्माविरुद्ध आहे असा आक्षेप निघाला. त्यांनी उत्तरादाखल हेच वचन पुढे केले. वेदना सोसून पापक्षालन होत नाही. ते कार्य ख्रिस्ताने वधस्तंभावर पूर्ण केले आहे.

दुसरी गोष्ट, जागरण. आपला मुलूख निजामाच्या राज्यात असता, १८८८ व १८८९ साली हैदराबादेस डॉक्टर लॉरी ह्यांच्या पुढाकाराने क्लोरोफॉर्मच्या धोक्याची दोनदा चौकशी झाली. निजलेल्याच्या श्वासावर दृष्टी ठेवा, असा निर्णय निघाला. हृदयही एकाएकी थांबू शकते, हे पुढील शोधांनी कळले. म्हणून आज भूल देणारा डॉक्टर श्वास, नाडी व रक्तदाब क्षणोक्षणी पाहतो. पुष्कळदा हृदय थांबवून त्याचे काम काही वेळ यंत्राकडे देतात. रोगी निजतो, त्याच्या उशाशी बसलेला निजत नाही. मग इस्राएलाच्या ज्या रक्षकास झोप ठाऊक नाही, तो किती अधिक जागेल! धोका मुळीच नाही असे मात्र कोणी म्हणू नये. विश्वास ही जगण्याची हमी नव्हे. जगण्यात व मरण्यात आपण प्रभूचेच आहो, ही खात्री होय. रोग्याने तंबाखू, दारू, झाडपाला काहीही डॉक्टरापासून लपवू नये. सांगितलेला उपासही मोडू नये. कारण भुलेत पोटातील अन्न फुप्फुसात जाऊ शकते.

तिसरी गोष्ट, भरून येणे. देवाने फासळीची जागा मांसाने भरून काढिली. जखम उघडी टाकिली नाही. बायपासमध्ये छातीचे हाड कापून तारेने बांधतात. ते सांधण्यास दोन ते तीन महिने लागतात. जागा झालेला रोगी घशातील नळीमुळे प्रथम बोलू शकत नाही. कित्येक, विशेषतः वृद्ध, काही दिवस भ्रमिष्टासारखे बोलतात. ही बाहेरची बाधा नव्हे; देवऋष्याकडे धावू नका, डॉक्टरास सांगा. ताप आला, जखम वाहू लागली किंवा धाप वाढली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

येथे मंडळीचे काम सुरू होते. घरी आलेल्या बंधूने घागर किंवा कापसाचे गाठोडे उचलू नये. ते शेजाऱ्याने उचलावे. वेचणीच्या दिवसांत त्याचे शेत पडून राहू देऊ नका. उपदेशकाने त्यास भेटावे, पण फार वेळ बसू नये. खोकताना उशी छातीशी धरण्याची, दीर्घ श्वास घेण्याची व रोज थोडे चालण्याची आठवण द्यावी. तंबाखूची चंची त्याच्यापुढे कोणी सोडू नये. जो प्रार्थना करितो पण ओझे उचलीत नाही, त्याची प्रार्थना अर्धीच राहिली.

निद्रा देणारा, जागणारा व जखम भरून काढणारा पिता आपल्या रोग्यांस धैर्य देवो, आणि आपणांस त्यांच्या उशाशी जागे ठेवो. आमेन.