हक्कसोड

“घरच्या माणसांत कागद कशाला?” हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे. दर वेळी ते बोलणारा घराचा ताबा असलेलाच निघाला. सासरी गेलेल्या बहिणीच्या तोंडून ते कधी आले नाही. जो घरात बसला आहे त्याला शब्द पुरतो. कागद लागतो तो बाहेर गेलेल्याला. म्हणून कागद मागणे म्हणजे अविश्वास, ही समजूत मला तितकीशी निर्मळ वाटत नाही.

शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावरावरील हक्क सोडण्याचा दस्त नोंदवलाच पाहिजे, असे १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. (आज मुलुंडला शंभर रुपयांत भिंतीचा रंगही खरवडून मिळणार नाही, ते असो.) बापाने स्वतः कमावलेल्या घरात, मृत्युपत्र नसल्यास, मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने दिला. तेव्हापासून भावांना बहिणीची सही लागू लागली.

उपनगरातल्या एका कचेरीत अशा दस्ताला मी साक्षीदार होतो. साठीची बहीण, दोन भाऊ. अधिकाऱ्याने विचारले, “दस्त तुम्हीच लिहून दिलात, सही तुमचीच, कबूल?” थोरला भाऊ “हो” म्हणाला. “तुम्ही नाही, त्यांना बोलू द्या.” ती जरा थांबली, मग “हो” म्हणाली.

मनापासून सोडते आहेस का, हे कोणी विचारले नाही. विचारावे का? मला वाटते, नाही. सरकारने माणसाच्या मनात शिरू लागावे हे भयंकर. निबंधक मालकी ठरवीत नाही, प्रेमही मोजीत नाही. पण तिने “नाही” म्हटले असते तर तिच्यापुरता तो दस्त त्याला नाकारावा लागला असता. त्या अर्ध्या मिनिटापुरते, भावांच्या देखत, ते घर तिच्या एका शब्दावर अडले होते. माहेरच्या माजघरात असे कधी घडले असेल?

पुढे मिळकत पत्रिकेवर फेरफार होण्याआधी संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत असते. आणि १९६६ ची जमीन महसूल संहिता हक्कनोंदीला सत्य म्हणत नाही. उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी धरावी, एवढेच म्हणते. इतका विनय आपल्या नातेवाइकांत मला क्वचित आढळतो. “तिने खुशीने सोडले,” असे ते भाऊ आजही सांगतात. दस्तात मात्र खुशीविषयी लिहिले आहे ते वकिलाच्या ठरीव भाषेत, प्रत्येक हक्कसोडपत्रात असते तेच वाक्य.