लोणंदचा कांदा आणि ढाक्याचं ताट

लोणंदच्या मार्केटात कांदा पडला की आपण पाऊस, आवक, व्यापारी यांच्यावर बोलतो. ढाक्यावर कोण बोलणार? पण २९ सप्टेंबर २०१९ला भारताने कांद्याची निर्यात अचानक बंद केली आणि नोव्हेंबरात बांगलादेशात कांदा किलोला २०० टकांच्या वर गेला. दिल्लीत आलेल्या शेख हसीना हसत म्हणाल्या होत्या, स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय. पुढच्या वेळी आधी कळवत जा. सप्टेंबर २०२०मध्ये पुन्हा तशीच अचानक बंदी आली.

बंदी काही बांगलादेशला वाकवायला नव्हती, आपल्या शहरांतला भाव आवरायला होती. हे खरंच आहे. तरी मला ते पुरत नाही. आपल्या एका कागदाने शेजाऱ्याचं ताट बदलतं हे माहीत असताना त्याला न विचारणं, हेसुद्धा धाकात ठेवणंच.

डिसेंबर २०२३च्या बंदीत तर (ऐन निवडणुकीच्या तोंडावर, अर्थात) हे उघड झालं. मार्चमध्ये ५०,००० टन कांदा बांगलादेशला द्यायला सरकारने खास परवानगी दिली. काल रोख मोजून मिळणारा माल आज मेहेरबानी झाला. मेहेरबानी करणारा ती कधीही थांबवू शकतो.

आणि लोणंदचा शेतकरी? बाहेरचं गिऱ्हाईक तुटलं, भाव पडला. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. 'देशाने' दबाव टाकला असं आपण म्हणतो, तेव्हा त्या देशात हा माणूस धरायचा की ढाक्याच्या बाजूला बसवायचा?