खोडरबर बाजूला ठेवा

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रावर आदळला. त्या रात्रीची हळहळ सगळ्यांना आठवते. मला मात्र त्यानंतरचे महिने अधिक मोलाचे वाटतात. इस्रोने एकेक आकडा तपासला. पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा किंचित जास्त जोर लावला होता. फोटो घेण्यासाठी यान स्थिर ठेवायचं होतं, त्या टप्प्यात ही तफावत साठत गेली. पुढे ती भरून काढायला झटकन वळणं भाग होतं, पण वळण्याच्या वेगाला सॉफ्टवेअरने मर्यादा घातलेली. त्यात उतरायची जागा अवघी ५०० मीटर बाय ५०० मीटर.

‘आपल्याला जमलं नाही’ या वाक्याने माणूस खचतो, कारण त्यात धरायला काहीच नसतं. ‘इथे जोर जास्त लागला’ म्हटलं की हाताला काम मिळतं. चांद्रयान-३ साठी जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, मधलं इंजिन काढलं, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं. काय काय बिघडू शकेल, हे आधी धरून रचना केली, असं इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी सांगितलं होतं. म्हणजे भीती होतीच. तिला कामाला लावलं. आणि २०१९ चं सगळं वायाही गेलं नव्हतं. चांद्रयान-२ चा ऑर्बिटर फिरतच राहिला, त्याने टिपलेली छायाचित्रं नवी जागा निवडताना उपयोगी पडली. २३ ऑगस्ट २०२३ ला यान अलगद उतरलं.

आपल्या घरांत याच्या नेमकं उलट चालतं. वजाबाकी चुकली की मूल घाईघाईने खोडरबर घासतं. कागद काळवंडतो, कधी फाटतो. हातचा कुठे राहिला हे दाखवणारी एकमेव जागा तीच, आणि तीच पुसली जाते. त्यात पोराचा दोष नाही. वही उघडल्यावर आधी लाल फुल्या मोजणारे आपणच.

तपासलेले पेपर वर्गात परत मिळतात तेव्हा पोरं गुण बघून ते दप्तरात कोंबतात. त्या दिवशी एक पूर्ण तास फक्त चुकलेल्या उत्तरांसाठी द्यावा, गुणांचा विषयही न काढता. फळ्यावर पहिल्यांदा चुकीचं उत्तर लिहावं, जसंच्या तसं, आणि वर्गाला विचारावं, कुठल्या पायरीला घसरलं?