मदत, मजुरी आणि रस्त्याचे काम

शासनाकडून वा समाजाकडून मदत घेणाऱ्या धडधाकट बेरोजगाराने त्या मदतीच्या बदल्यात गावचे रस्ते दुरुस्त करून द्यावेत, असे म्हणणे न्यायाचे आहे काय? नांदेड-लातूरकडे हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. कंधार, मुखेड, उदगीर, जळकोट या भागांत पावसाळा लागला की काळ्या मातीतल्या पाणंद रस्त्यांवरून बैलगाडीचे चाक निघत नाही. शेतातला माल शेतातच अडकतो आणि आजारी माणसाला बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते. त्याच गावांतील तरुण पारावर बसलेले दिसतात आणि हंगाम येताच ऊसतोडीला किंवा हैदराबाद-पुण्याच्या बांधकामांवर निघून जातात. रस्ता पडून आहे आणि हातही रिकामे आहेत, तेव्हा दोहोंची गाठ घालून द्यावी हा विचार कोणाच्याही मनात सहज येतो. असे बोलणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट नसतो. मात्र ‘मदतीच्या बदल्यात’ हे शब्द तपासून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

त्याआधी एक गैरसमज बाजूला सारू. रस्त्याचे काम हलके आहे, म्हणून ते सांगणे अपमानाचे, असे मानण्यास इस्लाममध्ये मुळीच आधार नाही. वाटेतला त्रासदायक दगड-काटा दूर करणे ही ईमानची एक शाखा असल्याचे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. हजरत दाऊद (अलै.) राजे असूनही स्वतःच्या हातच्या कमाईवर जगत, हेही आपण हदीसमधून जाणतो. घमेले-फावडे उचलणाऱ्या माणसाची प्रतिष्ठा त्यामुळे कमी होत नाही. आपल्यातील काही घराण्यांत मात्र ‘आम्ही मातीकाम करणारे नव्हे’ असा ताठा अजून आढळतो. तो इस्लामी नाही, निजामी काळातील जहागीरदारीचा उरलेला गाळ आहे.

आता मूळ प्रश्न. एक अन्सारी गृहस्थ प्रेषितांकडे याचना करण्यास आले, ही अबू दाऊद यांच्या संग्रहातील हदीस आपण अनेकदा ऐकलेली आहे. घरात एक जाडेभरडे वस्त्र आणि पाणी पिण्याचे एक लाकडी पात्र, एवढेच होते. प्रेषितांनी (स.) त्या वस्तू मागवून घेतल्या, लिलाव करून दोन दिरहमला विकल्या, एका दिरहमचे धान्य घरी देण्यास सांगितले आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणवून तिला स्वहस्ते दांडा बसविला. पंधरा दिवस लाकडे तोडून विकल्यावर त्या गृहस्थाच्या हाती दहा दिरहम जमले. ही हदीस आपण नेहमी भीक मागण्याच्या निषेधासाठी सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यातील एक बाब सहसा नजरेतून सुटते. कुऱ्हाड त्याच्याच पैशांची होती, तोडलेले लाकूड त्याचे होते आणि आलेली किंमतही त्याचीच होती. तुला धान्य देतो, त्याच्या मोबदल्यात मदिनेच्या वाटा झाडून दे, असे त्याला सांगितले गेले नाही.

याहून स्पष्ट उदाहरण सूरह कससमध्ये आहे. हजरत मूसा (अलै.) मिसरमधून जीव वाचवून मदयनला पोचले, तेव्हा त्यांच्यापाशी घर, अन्न, काम यांपैकी काहीच नव्हते. आजच्या भाषेत ते बेरोजगार आणि निर्वासित होते. विहिरीवर दोन मुली आपल्या जनावरांना घेऊन बाजूला उभ्या होत्या. मूसांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले, काहीही न मागता सावलीत जाऊन बसले आणि आपल्या गरजेबद्दल केवळ अल्लाहजवळ बोलले. थोड्या वेळाने त्यांतील एक मुलगी परत आली आणि पाणी पाजल्याचा मोबदला देण्यासाठी वडिलांनी बोलावले असल्याचे तिने सांगितले. येथे क्षणभर थांबावे. उपाशी माणसाला जेवायला घालणे तर त्या वृद्ध गृहस्थांच्या हाती होतेच. त्यांनी निरोप मात्र मोबदल्याचा धाडला, कारण काम झालेले होते. पुढे करार झाला तोही कसा? मुदत आधी सांगितली गेली, आठ वर्षे. दहा केलीत तर ती तुमची मर्जी. तुम्हाला कष्टात घालण्याची इच्छा नाही, हेही त्यांनी बोलून दाखविले. गरजवंत समोर आहे आणि तो नाही म्हणू शकत नाही, हे ठाऊक असतानाही त्याच्या गरजेचा लाभ घेतला गेला नाही. माझ्या मते श्रमाच्या व्यवहाराचा सारा इस्लामी विचार या चार-पाच आयतींत आलेला आहे.

यावरून जे निघते ते असे. हक्काची मदत आणि कामाची मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मदत हक्क म्हणून देय असेल, तर तिच्यासाठी काम मागता येत नाही. काम घेतले असेल, तर त्याची पूर्ण मजुरी देय होते आणि तिला मदत म्हणता येत नाही. या दोहोंची भेसळ झाली की माणूस दोन्हीकडून लुबाडला जातो. हक्क बुडतो, आणि मजुरीही दयेच्या दराने पदरात पडते.

या भेसळीचा इतिहास लहान नाही. 1877 च्या दुष्काळात इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामावरील माणसाचे धान्य दिवसाला एका पौंडापर्यंत, म्हणजे अर्ध्या किलोहूनही खाली, आणले. वर जेमतेम काही पैसे. मुंबई इलाख्यातील मजूर त्याविरुद्ध कामे सोडून निघाले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. राबवून घेताना तो मजूर होता, धान्य मोजताना मात्र भिकारी ठरला.

आपल्या राज्याने पुढे याहून बरा मार्ग काढला, हे अभिमानाने सांगावे असे आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1965 साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. 1972 चा दुष्काळ पडला. मे 1973 मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. खडी फोडणारे हात, मुरमाच्या पाट्या आणि कामावर वाटली जाणारी सुकडी आपल्या घरांतील ज्येष्ठांना अजून आठवते. आज आपण ज्यांवरून जातो, त्यांतील कितीतरी रस्त्यांखाली तीच खडी आहे. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला व 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. खर्चासाठी नोकरदार व व्यावसायिकांकडून व्यवसाय कर घेण्यात येऊ लागला. ‘मागेल त्याला काम’ हे त्याचे सूत्र होते. यातील ‘मागेल’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तेथे मागणारा मजूर आहे आणि बांधील आहे ते सरकार.

2005 च्या केंद्रीय कायद्याने हे सूत्र देशभर नेले, आणि पहिल्या टप्प्यात निवडलेल्या जिल्ह्यांत नांदेड होते. वर्षाला कुटुंबामागे 100 दिवसांची हमी. मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम मिळाले नाही, तर बेरोजगार भत्ता: पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, त्यानंतर किमान निम्मा. या भत्त्याचे स्वरूप नीट समजून घ्यावे. तो खैरात नव्हे. काम देण्याचा शब्द न पाळल्याबद्दल सरकारने भरावयाचा तो दंड आहे. तेव्हा भत्ता घेणाऱ्यांनाच त्या भत्त्यापोटी रस्त्यावर राबवावे, असे म्हणणे म्हणजे दंड भरणाऱ्याने दंडापोटीच काम करून घेणे होय. काम आहे ना? मग ते पूर्ण मजुरीने द्यावे, भत्त्याचा प्रश्नच उरत नाही. आपल्याकडे भत्ता घेतलेला मजूर शोधूनही क्वचितच सापडतो, ही गोष्ट निराळी. कामाची मागणी तोंडी होते, तारखेसह पोच हाती नसते, आणि पोच नसेल तर 15 दिवस कोठून मोजायचे? ज्यांना लिहिता येते अशा आपल्या तरुणांनी शेजाऱ्यांचे मागणी अर्ज भरून देणे हीसुद्धा एक नेकी आहे.

घाम सुकण्यापूर्वी मजुराची मजुरी द्या, ही प्रेषितांची (स.) आज्ञा आपण भिंतींवर लावतो. 2024-25 साली महाराष्ट्रात या कामाचा दर दिवसाला 297 रुपये होता. सहा दिवसांचे 1,782. मजुरीस विलंब झाल्यास दररोज 0.05 टक्के भरपाई ठरलेली होती, म्हणजे दिवसाला 90 पैशांहूनही कमी. घाम तर सुकतोच, किराणा दुकानदाराची वहीही भरते. पूर्ण काम घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कियामतच्या दिवशी आपण स्वतः उभे राहू, असे अल्लाहने बजावल्याची हदीस बुखारीत आहे. तिच्यातून सरकारी कचेरी वगळलेली नाही, आणि आपली दुकाने व वीटभट्ट्याही नाहीत.

न्यायाचा तराजू मजुरालाही लागू आहे. जेसीबीने काम उरकायचे आणि मस्टरवर माणसांची नावे चढवायची, ही तक्रार गावोगावी ऐकू येते. खात्यावर आलेल्या रकमेतून थोडे स्वतः ठेवायचे आणि उरलेले नाव चढविणाऱ्याला परत करायचे. ‘सगळेच करतात’ हे त्यावरचे उत्तर. जे काम आपण केले नाही त्याची मजुरी हलाल नाही, मग ती पन्नास रुपये असो वा पाचशे. शिवाय त्या मस्टरवरून ज्याचे खरे काम गेले, त्याचा हक्कही आपल्या मानेवर राहतो.

ज्यांना हे काम झेपतच नाही, त्यांचे काय? भीक मागणाऱ्या एका वृद्ध, अंध यहुदी माणसाला हजरत उमर (रजि.) यांनी हाताला धरून घरी नेले, काही दिले आणि बैतुलमालमधून अशा सर्वांची सोय लावली. तारुण्यात त्याच्याकडून घ्यायचे आणि म्हातारपणी त्याला सोडून द्यायचे, हा इन्साफ नव्हे, असे त्यांचे म्हणणे इमाम अबू यूसुफ यांनी नोंदविले आहे. मोंढ्यात आयुष्यभर पोती वाहून पाठ मोडलेल्या हमालाला ‘आधी काम दाखव’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावे. आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रातील बहुसंख्य मुस्लिम शहरांत राहतात आणि वरील केंद्रीय कायदा ग्रामीण भागापुरता होता. नांदेड किंवा लातूर शहरातील रोजंदारीवाल्याला त्याचा उपयोग नव्हता. त्याला आळशी म्हणण्यापूर्वी हे ध्यानात असू द्यावे.

हा विषय मी लिहावयास घेतला त्याला निमित्त आमच्या भागातील एका मस्जिद कमिटीचे झाले. कब्रस्तानाकडे जाणारा रस्ता पावसाने वाहून गेला होता. जनाजा नेताना खांदेकऱ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात रुतत. कमिटीतील एका वडीलधाऱ्या जिम्मेदारांनी सुचविले, “मौलाना, रमजानमध्ये ज्या तरुणांच्या घरी आपण जकातीतून धान्य आणि रोख देतो, त्यांनीच आठ दिवस श्रम करावेत. रस्ताही होईल आणि फुकट खाण्याची सवयही मोडेल.”

मी त्यांना म्हटले, “चाचा, जकात मालकी देऊनच अदा होते. तिच्या बदल्यात काम घेतले तर ती मजुरी झाली, जकात राहिली नाही. आपल्या श्रीमंतांचे फर्ज तसेच राहील.” हनफी फिक्हमध्ये याबाबत संदिग्धता नाही. रस्ता, पूल वा मस्जिदीचे बांधकाम यांवर जकात खर्च करता येत नाही, आणि मजुरीपोटीही देता येत नाही. कुरआनने संपन्नांच्या संपत्तीत याचकाचा आणि वंचिताचा ‘हक्क’ सांगितला आहे. ज्याचा हक्क आहे त्याच्याकडून त्याची किंमत वसूल कशी करणार?

चाचांचा पुढचा प्रश्न मात्र रास्त होता. “मग रस्ता कोणी करायचा?” त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी ग्रामपंचायतीकडे त्या रस्त्याचे काम रोजगार हमीतून घेण्याची लेखी मागणी देण्याचे ठरले, आणि तोपर्यंत चिखल बुजविण्यासाठी लिल्लाह निधीतून मुरूम टाकावयाचा. मुरूम पसरायला जे येतील त्यांना गावात चालू असलेला रोज द्यायचा, संध्याकाळीच, हातात. ज्याला सवाबसाठी फुकट काम करायचे आहे त्याने करावे, पण तशी हाक द्यायची तर कमिटीच्या सदस्यांपासून द्यायची, जकात घेणाऱ्यांपासून नव्हे. पहिल्या दिवशी अकरा जण आले. त्यांत जकात घेणाऱ्या घरांतील चौघे होते, आणि चाचांचा धाकटा मुलगाही होता. चौघांनी रोज घेतला, मुलाने घेतला नाही. रमजानची यादी तीच राहिली आहे.