यंत्राची साक्ष

शास्त्रपाठ : १ राजे २१:१-१९, अनुवाद १९:१५-१९, लेवीय ५:१.



नाबोथाची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता, आणि नाबोथ वडिलार्जित जमीन देईना. तेव्हां ईजबेलीनें पत्रें लिहिलीं, त्यांवर राजाची मुद्रा केली व तीं गांवच्या वडील जनांकडे पाठविलीं. दोन खोटे साक्षी उभे राहिले आणि निरपराध मनुष्य दगडमार होऊन मेला. ईजबेलीचें पाप उघड आहे. पण त्या वडील जनांचें काय? नाबोथाशीं त्यांचें वैर होतें असें शास्त्र सांगत नाहीं. त्यांनीं मुद्रा पाहिली आणि पत्रांत लिहिल्याप्रमाणें निमूटपणें केलें. आज राजमुद्रेचें पत्र येत नाहीं. संगणकानें छापलेला कागद येतो, आणि त्याच्यापुढेंहि मनुष्य तसाच मुका होतो. ह्याचें एक खरें उदाहरण तुम्हांपुढें ठेवितों.

विलायतेंत खेडोपाडीं टपालकचेरी बहुधा एखाद्या दुकानांत असते, आणि दुकानदारच तेथला सब-पोस्टमास्तर असतो. १९९९ पासून ह्या कचेऱ्यांत होरायझन नांवाची संगणकीय हिशेबपद्धति आली. पेटींत किती रक्कम असावयास पाहिजे हें ती सांगे. कित्येकदां तिचा आंकडाच चुकीचा असे. पण तूट दिसली कीं ती सब-पोस्टमास्तरानें भरून द्यावी, असा पोस्ट ऑफिसचा आग्रह असे. साउथ वॉर्नबरो ह्या खेड्यांतील जो हॅमिल्टन बाईंनीं तूट दिसतांच मदतीसाठीं टेलिफोन केला. सांगितल्याप्रमाणें त्यांनीं केलें, तों त्यांच्या डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली! पुढें ती ३६,००० पौंडांवर गेली. तुरुंगाच्या भीतीनें त्यांनीं खोटे हिशेब लिहिल्याचा गुन्हा कबूल केला. सीमा मिश्रा ह्या भारतीय वंशाच्या बाईंना २०१० सालीं पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या वेळीं त्या गरोदर होत्या. अनेकांना सांगण्यांत आलें कीं, अशी अडचण फक्त तुम्हांलाच आहे. हें सत्य नव्हतें. १९९९ ते २०१५ ह्या काळांत ९०० हून अधिक जण दोषी ठरले. त्यांपैकीं सुमारें ७०० जणांवरील खटले पोस्ट ऑफिसनें स्वतःच चालविले. म्हणजे फिर्यादी, तपास करणारा आणि खटला चालविणारा एकच! घरें गेलीं, संसार मोडले. निदान १३ जणांनीं ह्यापायीं आपला जीव दिला असावा, असें चौकशी समितीनें २०२५ च्या अहवालांत म्हटलें आहे.

आतां मोशेच्या नियमशास्त्राकडे पाहा. एका साक्षीवरून कोणास दोषी ठरवूं नये, आणि न्यायाधीशांनीं कसून चौकशी करावी, असें तें सांगतें. इंग्लंडच्या कायद्यांतहि १९८४ पासून अशी अट होती कीं, संगणक नीट चालत होता हें दाखविल्यावांचून त्याचा कागद पुराव्यांत घेऊं नये. ती अट २००० सालीं उठली. यंत्र नीटच चालतें असें गृहीत धरलें जाऊं लागलें, आणि तें चुकलें हें सिद्ध करण्याचा भार बिचाऱ्या दुकानदारावर पडला. त्याला यंत्राच्या आंतलें काय दिसणार? साक्षीदार मनुष्य असेल तर त्याला उलट विचारतां येतें. यंत्राला शपथ देतां येत नाहीं, आणि त्याला देवाचें भयहि नाहीं.

दुसरें पाप मौनाचें. ज्याला ठाऊक असून जो सांगत नाहीं त्याच्यावर दोष राहतो, हें लेवीय पुस्तकांतील वचन आहे. २०१३ सालीं पोस्ट ऑफिसला सल्ला देणाऱ्या एका वकिलानें लेखी कळविलें कीं, यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञाला माहीत असलेले दोष न्यायालयास सांगण्यांत आले नव्हते. तो कागद शिक्षा झालेल्यांच्या हातीं पडावयास २०२० साल उजाडलें. सात वर्षें! आणि आपणांस लाज वाटावी अशी गोष्ट ही कीं, २०१२ ते २०१९ ह्या काळांत पोस्ट ऑफिसच्या मुख्याधिकारी असलेल्या बाई ह्या चर्च ऑफ इंग्लंडच्या दीक्षित पाळक होत्या. त्यांच्या अंतःकरणांतलें देव जाणतो. पण वेदीपुढें उभें राहिल्यानें गरिबाची तक्रार आपोआप ऐकूं येते असें नाहीं, एवढें तरी आपण शिकावें.

परंतु सत्य कायमचें पुरलें गेलें नाहीं. ॲलन बेट्स नांवाच्या सब-पोस्टमास्तराची कचेरी २००३ सालीं गेली; तो खचला नाहीं. त्यानें समदुःखी लोक शोधून २००९ सालीं संघ केला. ५५५ जण न्यायालयांत गेले, आणि डिसेंबर २०१९ मध्यें न्यायाधीशांनीं यंत्रांत दोष होते असा निर्णय दिला. एप्रिल २०२१ मध्यें ३९ जण एकाच दिवशीं निर्दोष ठरले; त्यांत हॅमिल्टन बाई व मिश्रा बाई होत्या. मे २०२४ मध्यें पार्लमेंटनें कायदा करून शेंकडों शिक्षा रद्द केल्या. हॅमिल्टन बाईंच्या गांवकऱ्यांनीं तर न्यायालयाच्या आधींच निर्णय दिला होता. ते तिला ओळखत होते. त्यांनीं वर्गणी काढून तिचे पैसे भरण्यास हात दिला.

आपल्या देशांत १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणें संगणकाचा पुरावा देतांना त्याच्या जबाबदार मनुष्याचें व तज्ज्ञाचें सहीचें प्रमाणपत्र लागतें. यंत्राच्या मागें सही करणारा मनुष्य असला पाहिजे, हें कायदाहि मानतो. मग ख्रिस्ती मनुष्यानें तें किती अधिक मानावें!

म्हणून, उपदेशकबंधूंनो, रेशनच्या दुकानांत यंत्रानें अंगठा घेतला नाहीं, किंवा बँकेच्या खात्यांतून रक्कम गेली, असें सांगत एखादी विधवा तुमच्या दारीं आली तर, "यंत्र खोटें कसें बोलेल?" असें म्हणून तिला घालवूं नका. तिच्याबरोबर कचेरींत जा. पावती मागा, तारीख लिहून ठेवा, लेखी अर्ज द्या. मोबाइलवर कोणाच्या बदनामीचा मजकूर आला तर तो पुढें धाडूं नका. त्या मनुष्याला आधीं भेटा. आणि आपलीं जीं मुलें शिकून संगणकावर बसलीं आहेत त्यांना सांगा कीं, चूक दिसली तर ती सांगा. नोकरी गेली तरी चालेल, पण शेजाऱ्याविरुद्ध खोट्या साक्षींत भागी होऊं नका.

नाबोथाच्या मळ्यांत अखेर एलिया उभा राहिला, आणि देवानें हिशेब मागितला. तो हिशेब यंत्राला विचारला जाणार नाहीं. तुम्हांआम्हांला विचारला जाईल. त्या दिवशीं निर्भयपणें उत्तर देतां यावें, अशी कृपा प्रभु येशू आपणां सर्वांवर करो. आमेन.