लग्नचौकापासून पडद्यापर्यंत: रूपांतराचा विचार

डहाणू-तलासरीच्या वारली घरात लग्नाच्या वेळी भिंतीवर काढला जाणारा लग्नचौक हे मुळात शोभेचे चित्र नव्हे. सवाशिणी तांदळाच्या पिठाने तो रेखतात, लग्नविधी चालवणारी धवलेरी लग्नाची गाणी म्हणते, चौकात पालघट देवी येते. मगच लग्न लागते. विधी आटोपला की चित्राचे कामही संपते. अशा चित्राचा अर्थ त्या जागेशी, त्या वेळेशी आणि जमलेल्या गोताशी बांधलेला असतो. ते परक्या प्रेक्षकापुढे न्यायचे, तर सोबत काय घ्यायचे आणि मागे काय ठेवायचे, हाच रूपांतराचा मूळ प्रश्न.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्यामार्फत वारली पाड्यांवर कागद पोहोचला. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे (1934–2018) यांनी तो आपलासा केला. गेरू-शेणाची भुई, पांढरी रेषा आणि दोन त्रिकोणांची माणसे कायम राहिली. चौकाची चौकट मात्र सुटली आणि बायकांच्या हातची ही कला पुरुषांकडेही आली. कागदावर भातशेती, माशांचे जाळे, तारपा नाच आणि धान्यदेवी कणसरीची कथा अवतरली. जी देवी भिंतीवर प्रत्यक्ष येत असे, ती कागदावर चित्राचा विषय झाली. 1975 मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत आणि 1989 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ही चित्रे पोहोचली.

जपानी अॅनिमेशन मालिकांचा अमेरिकी टीव्हीवरचा प्रवास याच प्रश्नातून गेला. ओसामू तेझुका यांची मालिका 1963 मध्ये ‘अॅस्ट्रो बॉय’ या नावाने तेथे दिसू लागली, तेव्हा परके वाटेल ते बदलण्याकडेच कल होता. 1985च्या ‘रोबोटेक’मध्ये तर तीन स्वतंत्र मालिका जोडून 85 भागांची एक कथा रचली गेली. ‘पोकेमॉन’मधल्या भाताच्या गोळ्यांना संवादांत डोनट म्हटले गेले. पुढे मूळ आवाज आणि उपशीर्षके मागणारा प्रेक्षक तयार झाला. ‘सेलर मून’ 2014 पासून कापाकापीविना, नव्या इंग्रजी डबिंगसह उपलब्ध होऊ लागली. प्रेक्षकाला ओळखीचे तेच द्यावे, या समजुतीची जागा त्याला अनोळखी गोष्ट शिकता येते, या विश्वासाने घेतली.

दोन्हींत बदल झाले, पण ते करणारे हात वेगळे होते. अमेरिकेत काय गाळायचे हे मालिका विकत घेणारे ठरवत. कळंबीपाड्यावर ते खुद्द वारली चित्रकाराने ठरवले. म्हणून चौक सुटला तरी कणसरीची कथा टिकली. साड्या, कप आणि जाहिरातींवर वारली आकृती आली, तेव्हा हा अधिकार पुन्हा बाहेरच्यांकडे गेला. नाचणारी माणसे उरली, पण ती कशासाठी नाचतात हे उरले नाही. 2014 मध्ये वारली चित्रकलेला मिळालेले भौगोलिक मानांकन नाव आणि उगम यांचे रक्षण करते; अर्थाचे रक्षण मात्र कथा ठाऊक असणारा चित्रकारच करू शकतो.