चवीचे घर

परक्या गावी उतरलेला मनुष्य पहिल्या दिवशी राहण्याची सोय पाहतो आणि दुसऱ्या दिवसापासून एकच प्रश्न विचारीत सुटतो : येथे चांगले जेवण कोठे मिळते? हा प्रश्न निव्वळ पोटाचा आहे अशी माझी इतके दिवस समजूत होती. तो थोडासा नीतीचाही आहे हे मला साठी उलटल्यावर कळले, आणि तेही दक्षिण कोरियातील बुसान शहरी.

माझा पुतण्या तेथे शिकायला आहे. त्याच्याकडे दहा दिवस राहायला गेलो होतो. बुसान हे कोरियातले दुसऱ्या क्रमांकाचे शहर. वस्ती सुमारे ३२ लाख. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि दोहोंच्या मध्ये जेवढी जागा सापडली तेवढीत माणसे बसलेली. खाण्याच्या जागांना तर गणतीच नाही. जगालचीच्या मासळीबाजारात खाली बायका जिवंत मासे विकतात आणि वर तेच मासे ताटात येतात. मिशेलिनच्या प्रसिद्ध मार्गदर्शिकेनेही २०२४ पासून या शहराची दखल घेतली आहे. जेथे चव चांगली त्या जागेला कोरियन भाषेत 'मात्चिप' म्हणतात. 'मात' म्हणजे चव, 'चिप' म्हणजे घर. चवीचे घर! शब्द मला फार आवडला, आणि ते घर शोधण्याचा मी विडाच उचलला.

पुतण्याने फोनवर तिकडचे लोक वापरतात तो नेव्हरचा नकाशा घालून दिला. मी वही केली. कोणत्या जागेला किती लोकांनी किती गुण दिले आहेत ते त्यात टिपून घेऊ लागलो. एके ठिकाणी चाळीस मिनिटे रांगेत उभा राहिलो, कारण रांग होती. एका गल्लीत डुकराच्या हाडांच्या रश्श्यातला भात मिळतो. त्याला 'द्वेजी-गुकबाप' म्हणतात. तेथे एकापुढे एक पाट्या, आणि त्यांतल्या अनेकांवर एकच शब्द : 'वॉन्जो'. म्हणजे 'मूळचे आम्हीच.' आपल्याकडच्या 'आमची कोठेही शाखा नाही' या पाटीची ही सख्खी बहीणच. खरे मूळ कोणते ते ठरविण्यासाठी मी त्या गल्लीत दोन दिवसांत तीनदा जेवलो.

सहा दिवसांत मी अकरा ठिकाणी जेवलो, आणि खरे सांगायचे तर एकाही ठिकाणी नीट जेवलो नाही. घास तोंडात असे तेव्हा कालचा घास आठवी, आणि उद्याच्या यादीवर डोळा असे. अन्नापुढे मी परीक्षकासारखा बसत होतो.

"काका, अस्सल बुसानचे म्हणून तुम्ही जे शोधता आहात ना, ते बुसानचे नाहीच," पुतण्या एका संध्याकाळी म्हणाला. आम्ही 'मिल्म्यॉन' खात होतो. थंडगार रश्श्यातल्या या शेवया बुसानची खासियत म्हणून माझ्या वहीत पहिल्या पानावर होत्या. त्याने मग मला त्यांची हकीगत सांगितली. १९५० च्या जूनमध्ये कोरियात युद्ध पेटले. बुसान शत्रूच्या हाती कधीच पडले नाही. त्या युद्धाच्या बहुतेक काळ दक्षिणेची राजधानीच तेथे होती. साहजिकच निर्वासितांचे लोंढे तिकडे लोटले. उत्तरेकडच्या लोकांना थंड शेवयांची सवय. पण त्यांच्याकडे त्या कुट्टूच्या किंवा बटाट्याच्या सत्त्वाच्या करीत. बुसानमध्ये त्या वस्तू कोठून आणायच्या? मदत म्हणून आलेले अमेरिकन गव्हाचे पीठ मात्र होते. लोकांनी त्याच्याच शेवया केल्या. 'मिल' म्हणजे गहू. रश्श्यातला भातही त्याच दिवसांत तेथे रुजला असे सांगतात.

मी वही मिटली. घर गमावलेल्या माणसांनी जे हाती लागले त्यात आपल्या घराची चव शोधली, आणि सत्तर वर्षांनंतर मी ते 'अस्सल' आहे की नाही हे तपासायला आलो होतो! शेवयांची गोष्ट नडीतून सुरू झाली होती. मग त्या वाडग्यात खरे काय होते? मला वाटते, तीच वस्तू रोज तितक्याच मनाने करीत राहणे, एवढेच खरे होते. मूळपण पाटीवर लिहिता येते. हे लिहिता येत नाही.

"उद्या मी जेवतो तेथे चला," पुतण्या म्हणाला. "पण ते तुमच्या यादीत नाही."

विद्यापीठामागच्या चढावर, एका गल्लीच्या टोकाशी ती जागा होती. पाच टेबले. चमचे आणि काड्या टेबलाच्याच खणात. सत्तरीच्या घरातली एक बाई आणि तिचे एक मोठे भांडे. तिने काय हवे हे विचारले नाही. किती जण एवढेच बोटांनी विचारले. रश्श्यात घालायला खारवून मुरवलेला जवळा समोर ठेवला. मी भीत भीत चिमूटभर घातला. तिने पाहिले, जवळ आली आणि माझ्या वाडग्यात आणखी घालून ढवळून गेली. पुतण्या तिला 'इमो' म्हणून हाक मारीत होता. मी अर्थ विचारला.

"मावशी," तो म्हणाला. "आईची बहीण. वडिलांच्या बहिणीला इकडे वेगळा शब्द आहे, आपल्यासारखाच. पण खाणावळीतल्या बाईला सगळे इमोच म्हणतात."

पहिल्या हिवाळ्यात तो तापाने चार दिवस खोलीवर पडून होता. पाचव्या दिवशी एका वर्गमित्राच्या हाती तांदळाची पेज आली. रोजचे गिऱ्हाईक दिसत नाही म्हणून तिने चौकशी केली होती. घरी त्याने हे कधी कळविले नव्हते. त्या दिवशी तो रश्शा ढवळीत ढवळीत बोलून गेला, आणि मला त्याच्याकडे पाहवेना.

मी म्हणालो, "या बाईचे नाव-पत्ता मी लिहिणार."

"नको, काका. लोक येतील, रांग लागेल, मग मला जागा मिळणार नाही."

मला राग आला. ही माया की मत्सर? तिचा धंदा आहे. तो वाढू नये असे आपण कोण ठरविणार? त्याच्या म्हणण्यातही तथ्य होते; रांग लागली की कोण आले नाही हे कोणाला कळणार? वाद मिटेना, तेव्हा आम्ही तिलाच विचारले. ती हसली आणि भांड्याकडे बोट दाखवून बोलली. पुतण्याने सांगितले, "ती म्हणते, खुशाल लिहा. भांडे एवढेच आहे. संपले की मी दार लावते. जास्त लोक आले तर जास्त लोक परत जातील."

तिने परवानगी दिली, तरी मी नाव लिहीत नाही. लिहिले तर वाचक माझ्यासारखाच वही घेऊन जाईल आणि गुण देऊन येईल. त्यापेक्षा रीत सांगतो. परक्या शहरी 'सर्वांत चांगले कोठे मिळते' असे विचारू नका. 'तुम्ही कोठे जेवता' असे विचारा. पहिल्या प्रश्नाला फोनही उत्तर देतो. दुसऱ्यासाठी एका माणसाची ओळख करून घ्यावी लागते.

हे काही फार दूरचे नाही. आज तुमच्यापुढे फराळाचे ताट असेल. शेजारच्या चार घरांचे डबे आले असतील. सर्वांत खुसखुशीत चकली कोणाकडची हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण म्हणून बाकीच्या तिघांचे डबे कोणी परत पाठवीत नाही.

निघण्याच्या दिवशी मी एकटाच तो चढ चढून गेलो. दीड वाजला होता. दार लावलेले होते. खाली उतरून पहिले दिसले त्या दुकानात शिरलो. पाटीवर ठसठशीत 'वॉन्जो' होते. जवळा मी या वेळी पुरेसा घातला. जेवण चांगले होते.